फुली दिसेनाशी होण्याची वेळ

एक्केचाळीस सेकंदांत फुली गेली, आणि बाईंनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं ते जरा आपटूनच.

कागदावर काळी फुली, तिच्यावर काचेचा चंबू, चंबूत हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं, द्रावण. त्यात आम्ल ओतलं की गंधकाचे कण सुटतात, द्रावण दुधाळ होतं आणि वरून पाहणाऱ्याला खालची फुली दिसेनाशी होते. किती सेकंदांत, त्यावरून अभिक्रियेचा वेग काढायचा. रसायनशास्त्राच्या बाई तीस वर्षं हा प्रयोग शिकवत होत्या आणि वेळ यायची साठ सेकंद. गेल्या वर्षी ती पन्नासवर आली. आता एक्केचाळीस.

वेग उगाच वाढत नाही. तापमान चढलं, द्रावण तीव्र झालं किंवा चंबूत काही भलतंच राहिलं, तरच वाढतो. बाईंनी थर्मामीटर बदलला, हायपोच्या नव्या बाटल्या फोडल्या, पुरवठादाराशी भांडून झालं. शेवटी त्या प्रयोगशाळेच्या मामांवर घसरल्या, चंबू नीट धुतले जात नाहीत म्हणून. बावीस वर्षं काच धुणारे मामा तेव्हापासून चंबू तीनतीनदा धुऊ लागले. मुलांची वेळ अजून साठच्या आसपास येई, पण ती कोण धरतो? पोरांचे अंगठे आळशी, हे बाईंचं ठाम मत. शिवाय नियमही त्यांचाच: सगळी निरीक्षणं एकाच माणसाने घ्यायची, म्हणजे गफलत होत नाही. तो माणूस अर्थात बाई.

मग दोष उरला तो आपल्याच हातांचा. मोजताना, ओतताना आपण कुठेतरी चुकतोय आणि चुकलेलं कळतही नाही, याची त्यांना धास्ती बसली. प्रात्यक्षिकांतून मुक्त करावं, असा अर्ज त्यांनी लिहिला. लिहिताना जीव तुटला. अकरा वाजता तो प्राचार्यांना द्यायचा होता.

त्याआधी शेवटचं म्हणून त्यांनी पुन्हा द्रावण मोजलं. थेंबाचाही फरक नव्हता. आम्ल ओतून स्टॉपवॉच चालू केलं. मामा चंबू न्यायला शेजारी येऊन उभे राहिले.

"गेली," बाई म्हणाल्या. "एक्केचाळीसच. घेऊन जा, मामा."

मामांनी चंबूत डोकावून पाहिलं. हात लावला नाही.

"पण बाई, फुली दिसतेय की अजून."

बाई खाली वाकल्या. त्यांना नुसतं दूध दिसत होतं. स्टॉपवॉच बंद करायचं राहूनच गेलं. मामा बराच वेळ तसेच पाहत राहिले आणि मग म्हणाले, आता गेली. एकोणसाठ सेकंद झाले होते.

बाई स्टुलावर बसल्या. हायपो बरोबर होतं, हात बरोबर होते, मामांचे चंबू लख्ख होते.

"मामा, मला दिसत नाहीये," त्या म्हणाल्या.

मामांनी चंबू उचलला.

"आमच्या हिचंही असंच झालं होतं, बाई. मोतीबिंदू काढला, आणि पंधरा दिवसांत तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागले."