दोन बोटांची फेरणी

"उतर खाली, नागोराव! माह्या डोक्यावरून उतर!"

शेठच्या मजुरीवर आलेला नागोराव उतरला नाही. सुग्राबीच्या छपरावर उकिडवा बसून तो मातीचं एकेक कवेलू काढत होता आणि खालच्या गड्याच्या हातात देत होता. गडी ते बैलबंडीत रचत होता. बंडी घनश्यामशेठची. दिग्रसच्या जिनिंगमागची ही अकरा खोल्यांची चाळही त्यांचीच. अकरा खोल्यांवर एकच लांब छप्पर. त्याला मधोमध आता आभाळ दिसू लागलं होतं.

शेठला चाळ पाडून वखार बांधायची होती. सुरुवात सुग्राबीपासून, कारण तिच्या घरात पुरुष नव्हता. सहा महिने कज्जा चालला. गेल्या आठवड्यात यवतमाळच्या रेंट कंट्रोलरचा निकाल आला: भाडेकरणीला काढायची परवानगी नाही. तो कागद तिनं शेठच्या नाकासमोर धरला होता.  तिची भीती नवरा गेला तेव्हाच संपली होती.

"हे वाचा, शेठ. साहेबाची सही हाय."

"वाचलं." शेठ छत्रीवर रेलून उभे होते. "मी कुठं तुले काढून राह्यलो? पावसाआधी चाळीची फेरणी करून राह्यलो, कवेलू उतरवून पुन्हा बसवून राह्यलो. दरसाल करतो. मालकानं फेरणी करू नये, असं लिहिलं हाय का त्यात?"

"मग कवेलू बंडीत कायले भरून राह्यले?"

"फुटकी हायेत. नवी आणतो."

"कवा?"

"मिळतील तवा."

मृग आठ दिवसांवर होता. खोलीत चार गिऱ्हाइकांच्या गाद्या आणि पिंजून ठेवलेला कापूस होता. तो भिजला की धंदा बुडाला. धंदा बुडाला की सुग्राबी आपणहून चालती झाली, आणि आपणहून सोडलेलं घर कोणताच कागद राखत नाही. यवतमाळला पुन्हा अर्ज केला असता तर तारीख पडली असती. पण तारखेच्या आधी पाऊस पडला असता.

दहा दारांत दहा घरं उभी होती. सगळे खाली पाहत होते. शेजारच्या लीलाबाईनं तर तांदळाचं सूप हातात धरलं होतं आणि एकच खडा ती कितीदा तरी वेचत होती. सुग्राबीच्या कोंबड्यांपायी एरवी ही बाई सकाळ-संध्याकाळ अख्खी गल्ली डोक्यावर घेई.

"पाहा, पाहा! तमाशा फुकट हाय!" सुग्राबी ओरडली. "लीलाबाई, कोंबडीले लय तोंड हाय तुमचं. आज काय झालं?"

लीलाबाई सूप घेऊन आत गेली. बंडी भरली. शेठ लीलाबाईच्या दारापाशी थांबून काहीतरी हसून बोलले आणि निघून गेले. सुग्राबीला त्या क्षणी शेठपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त आला. तिनं सगळा कापूस एका कोपऱ्यात ओढला, त्यावर सतरंजी टाकली आणि उघड्या आभाळाखाली न जेवता पडून राहिली.

सकाळी छपरावर पुन्हा कवेलू वाजली.

सुग्राबीनं मुसळ उचललं. काढण्यासारखं आता राहिलंच काय होतं? ती बाहेर आली. नागोराव चाळीच्या पार टोकाला, पहिल्या खोलीवर बसला होता. खोलीमागून खोली तो पुन्हा बसवत येत होता. कवेलू एकावर एक चढवताना दर वेळी दोन बोटं कमी चढवत होता. अशी दर ओळीत काही कवेलू उरत होती. उरलेली कवेलू हातोहात सुग्राबीच्या दारापर्यंत येत होती. रांगेत काल खाली पाहणारे सगळेच होते. पदर खोचून पुढे लीलाबाई.

"शेठनं पाह्यलं तर?" सुग्राबीनं विचारलं.

"शेठनंच सांगतलं, चाळीची फेरणी कर," वरून नागोराव म्हणाला. "करून राह्यलो."

सुग्राबी लीलाबाईकडे वळली. मुसळ अजून हातातच होतं. "काल कुठं गेलती हो तुमची जबान?"

"काल गप राह्यली, तर जाताना शेठ मले 'शहाणी बाई' म्हणून गेला!" लीलाबाई कडाडली. "मले! तवापासून पोटात आग पडली हाय. त्यात तू अजून तेल नको ओतू."

सुग्राबीनं वर पाहिलं. पातळ झालेलं छप्पर तिच्या खोलीकडे सरकत येत होतं.

"पण लीलाबाई, असं दोन बोटानं तुमचं घर गळंल."

"गळंलच! आता साऱ्याइचंच गळंल. तू उभी काय राह्यली? कवेलू धर!"