पडीतला देव

मामलेदारांनी हातातल्या छडीनं दगडाभोवतीची माती उकरली आणि पितांबर एक पाऊल पुढे सरकला.

"शेंदूर तर ताजा दिसतो," मामलेदार म्हणाले. "आणि देव जुना म्हणता?"

"जुनाच शे, सायब." पितांबर घाईनं म्हणाला.

गावाच्या उत्तरेची ही सरकारी पडीत. चार बाभळी, बोरीची झुडपं, बाकी नुसता माळ. इथं काय होऊ द्यायचं आणि काय नाही, ते ठरवायला आज साहेब आले होते. मगनशेठला इथं सरकी काढायचा कारखाना, कापसाचं जीन, घालायचं होतं. अर्ध्या गावालाही ते हवंच होतं. शेजारच्या उखाची दोन्ही पोरं मजुरीला सुरतेकडे गेलेली. जीन झालं तर ती परत येतील, या आशेनं बिचारा सकाळपासून नवा फेटा बांधून बसला होता. त्याच्याकडे बघायची पितांबरला लाज वाटत होती.

पण पडीतला लागून पहिलं घर पितांबरचं. हिवाळ्यात वारा तिकडूनच यायचा. आणि घरात शांतीबाई होती, तिचा दमा होता.

मागल्या साली ती नंदुरबारला भावाकडे गेली होती. भावाच्या घरामागे जीन. तिथल्या धुळीनं चार दिवसांत तिचे ओठ निळे पडले. डॉक्टरनं निळ्या बाटलीत औषध दिलं आणि पितांबरला दटावून सांगितलं, "हिला कापसाच्या धुळीत ठेवू नका. आणि औषधात खाडा नको. पुढचा झटका हिला सोसायचा नाही." तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला पितांबर स्वतः जाऊन बाटली भरून आणायचा.

जीनची बातमी आली तेव्हा त्यानं पंचांपुढे हात जोडले. "तुन्ही एक बायकोकरता गावना पोटवर पाय देवाना का?" पंच म्हणाले. चुकीचं काय बोलले? काहीच नाही.

म्हणून मग त्यानं ते केलं. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला गाव ओस पडलं. शांतीबाईसुद्धा शेजारच्या नानीबाईच्या गाडीत बसून गेली. भर दुपारी पितांबरनं तापीकाठचा एक गोटा बैलगाडीत घालून आणला, बाभळीखाली अर्धा पुरला आणि तेलात शेंदूर कालवून त्याला फासला. देवाचीच चेष्टा केली, आता तो आपलं काय करील, या धास्तीनं त्या दिवशी त्याला घास गिळवेना.

यात्रेहून परतलेल्या बायांना देव दिसला. लगेच नारळ फुटले. पंधरवड्यात जो तो सांगू लागला, आमच्या आजीनं या देवाला निवद दाखवलेला होता म्हणून! गावाला काय, सांगायला निमित्त हवं.

"साहेब," मगनशेठ पुढे झाला, "दिवाळीत मी ही सगळी जागा फिरून पाहिली. तेव्हा इथं दगडबिगड काही नव्हता."

मामलेदार सरळ उभे राहिले. "देवस्थान असेल, तर इथं कारखाना होणार नाही. नसेल, तर परवानगी आजच देतो. छातीवर हात ठेवून सांगणारं आहे कोणी?"

आजीचे दाखले देणारे हळूच मागे सरकले. उखानं फेटा सावरला. पितांबरनं छातीकडे हात नेला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून शांतीबाई पुढे आली. डोईवर पदर, हातात निळी बाटली, बाटलीत तेल.

"सायब, हाऊ देव जागता शे. मी येले रोज तेल घालस. मन्हा जीव याच देवना हातमा शे."

"बाई, आण घेऊन सांगाल?"

"आण ते मी पहिलेच लियेल शे, सायब."

एवढं बोलून तिला धाप लागली. छातीवर हात दाबत ती दगडापाशी बसली, पण साहेबांवरची नजर तिनं काढली नाही.

पितांबरला खाली बघून हसू लपवावं लागलं. वा गं बाई! म्हणजे हिनं सगळं ओळखलं तर. ओळखून चकार शब्द काढला नाही, आणि नवरा अडकला तशी भर गावात येऊन उभी राहिली. धापेचं सोंगही कसं बेमालूम! त्याचा ऊर भरून आला.

मामलेदारांनी छडी काखेत मारली. "सरकार इंग्रजांचं असलं, तरी देवाशी वाकडं घ्यायला मला पाठवलेलं नाही. ही जागा देवाला आणि गुरांना राहू द्या. मगनशेठ, तुम्ही दुसरं गाव बघा."

उखानं फेटा उतरवून खांद्यावर टाकला आणि कुणाशी न बोलता तो घरी गेला.

घरात शिरताच पितांबरनं दार लोटलं आणि मनमुराद हसला. "शांते, तू ते कमाल करी! सायबले कितलं फसाडं!"

शांतीबाई खांबाला टेकून बसली होती. "फसाडं? कोणले?"

"पुरं कर आते ते सोंग. आठे कोणी नही शे."

"सोंग कसानं?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "यात्रामा मी दत्तले हात जोडात. म्हटलं, देवा, मन्हा घरपावत ये. घर उनू, दखस ते काय, देव दारसमोर बठेल! मन्हाकरता उना तो." तिनं श्वास ओढला. छातीत शिट्टीसारखं वाजलं.

पितांबरचं हसू मावळलं. त्यानं कोनाड्यातल्या त्या निळ्या, तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. "अन् हाई बाटलीमानी दवाई?"

"ती ते मी तवंच देवना पायवर वती दिधी," शांतीबाई हातानं ओतल्याची खूण करत समाधानानं म्हणाली. "देव सोता दारशी उना, मंग दवाई कसाले? तुम्हनीच आण लिसन देवले बोलेल शे, आते मरसू पन थेंब लेनार नही."