खिचडीतल्या साखळ्या

साबुदाण्याच्या खिचडीचे चार घास खाऊन झाल्यावर भास्कररावांनी सहज चमच्याचं बटण दाबलं. चमच्यातून अवरक्त किरण निघाले, दाण्यांमधल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या त्यांनी तपासल्या आणि दांड्यावर अक्षरं उमटली : तांदूळ.

भास्करराव गडबडले. बायकोचं, सुमतीबाईंचं, ऑपरेशन पार पडेपर्यंत धान्याचा कणही खाणार नाही, असं त्यांनी सकाळीच तिच्यासमोर देवाला कबूल केलं होतं.

"मृण्मयी, अगं हा साबुदाणाच ना?"

"साबुदाणाच, बाबा," सून म्हणाली. "कारखान्याच्या टाकीतून सगळं एकच पीठ येतं. साखळ्यांना फाटे जास्त फोडले की एक होतं, कमी फोडले की दुसरं. या खेपेला चुकलं असेल काहीतरी."

"म्हणजे मी भात खाल्ला?"

"भाताचं रोप तरी पाहिलंय का हल्ली कुणी?"

भास्कररावांनी कालच्या भातात चमचा खुपसला. दांड्यावर आलं : साबुदाणा. मग काल आपल्याला नकळत उपवास घडला की काय, हेही त्यांना कळेना.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून मुलाचा फोन आला. "बाबा, ऑपरेशन छान झालं. आई शुद्धीवर आलीय. पहिलं काय विचारलं असेल? तुम्ही उपवास मोडला नाहीत ना!"

भास्कररावांचे डोळे भरून आले. पाळला म्हणावं, तर चमचा समोर होता. मोडला म्हणावं, तर सुमतीबाई सुखरूप होत्या.

"तिला म्हणावं, लवकर घरी ये," ते चाचरत म्हणाले. "उपवास पाळला की मोडला, हे तुलाच ठरवावं लागेल."