देव्हाऱ्यातल्या दोन पाट्या

"नीट बघ," अधिकारी म्हणाला. "मागाहून चुकले म्हणालीस तर दोघांचीही खैर नाही."

ओसेनने मान वर केली. समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा नुसता सापळा उरला होता. वादळात भरकटलेली नाव, परक्या मुलखातली वर्षं, मग रशियन गलबताने नागासाकीच्या धक्क्यावर आणून सोडलं आणि तिथून थेट कोठडी. आपण ख्रिस्ती झालो नाही हे दाखवायला येशू कोरलेल्या पत्र्यावर पाय देऊन झाला, तेच ते प्रश्न विचारून झाले. आता घरच्या कुणी ओळख पटवली तर सुटका, नाहीतर मरेपर्यंत इथेच. बाहेरचं वारं लागलेला माणूस मोकळा सोडायला सरकार काही खुळं नव्हतं.

"हाच तुझा नवरा तोमेझो?"

"हाच."

अधिकारी त्याच्याकडे वळला. "आणि ही तुझी बायको?"

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हीच, सरकार."

"मुखिया, तुझं काय?"

म्हातारा गेम्बेई वाकला. "माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय, सरकार. पण तोमेझोच्या घरात हीच राहते, एवढं खरं."

अधिकाऱ्याने ताकीद दिली. गावाची वेस ओलांडायची नाही, समुद्रावर जायचं नाही, तिकडचा एक शब्द काढायचा नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर दोघं मुकाट चालत राहिले. शेवटी गेम्बेईच कंटाळला.

"अरे, बंदी परदेशाबद्दल बोलायला आहे," तो म्हणाला. "मुळ्याच्या लोणच्याबद्दल नाही. इतक्या वर्षांनी भेटलात, निदान भांडा तरी."



घरी आल्यावर ओसेनने चूल पेटवली, जवाचा भात शिजवला. सवयीने एकच वाडगा काढला. मग ओशाळून दुसरा शोधू लागली. समोर कुणीतरी बसून जेवतंय, एवढ्यानेच तिला भरून आलं. एकटेपणाने तिला वाळवीसारखं पोखरलं होतं.

जेवण झाल्यावर ती देव्हाऱ्यापाशी गेली. तिथे मेलेल्यांच्या नावाच्या दोन लाकडी पाट्या होत्या. पुढची तोमेझोची. तिने ती उचलली.

"तुम्ही घरी आलात. ही आता चुलीत घालायला हवी."

त्याने तिचा हात धरला.

"नको. तो खरंच गेलाय. तिकडच्या दुसऱ्या हिवाळ्यात, माझ्या मांडीवर. मरताना बायकोच्या आठवणीने रडत होता." त्याने मान खाली घातली. "माझी वाट बघणारं जगात कुणी नव्हतं. त्याची बघणारी होती. म्हणून मी त्याचं नाव सांगितलं. तू हो का म्हणालीस, मला कळत नाही. हाकललंस तर आत्ता निघतो."

ओसेनने पाटी जागेवर ठेवली. मागची पाटी पुढे घेतली, बाहीने पुसली आणि तिच्या शेजारी लावली.

"हिच्या आजारपणात मी हिचं करायला आले, ही गेली आणि मी इथेच राहिले," ती म्हणाली. "हिलाही हात जोडा. ही त्याची बायको."