वरची दोनशे रोपं

पत्र टाइप करून तयारच होतं. ‘काल सर्व्हर बंद पडला, ती चूक माझी’ असा मजकूर आणि खाली कामिनीचं नाव. फक्त सही बाकी होती. केळी संघाचे चेअरमन पितांबरनाना पेन पुढे सरकवत म्हणाले, "कर पोरी. कागदापुरतं तर आहे. लोकांना काहीतरी दाखवावं लागतं."

कामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फैजपूरच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायची ती, पण त्यात काय ठेवायचं अन् काय नाही हे ठरवायचा नानांचा भाचा हितेंद्र. तेही पुण्यात बसून, उंटावरून शेळ्या हाकत. आज तेवढा मामाने बोलावलं म्हणून आला होता. आणि माफी मागायची कोणी, तर कामिनीने.

काल दहाला केळीचा भाव निघाला आणि नेहमीसारखं संघाच्या नऊही खरेदी केंद्रांवर एकदमच अख्ख्या वर्षाची यादी उघडली गेली. इकडची रीतच ती. मागचे सगळे भाव डोळ्यांखालून घातल्याशिवाय आजच्या भावावर कोणी विश्वास ठेवत नाही. मेमरी गच्च भरली. काही बाजूला सारायला जागा नाही म्हटल्यावर मशीनने सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम मारून टाकला. गाड्यांच्या चिठ्ठ्या त्यातूनच निघायच्या. परत चालू केला की याद्या उघडायच्या आणि तो परत मरायचा. चार वाजेपर्यंत एक चिठ्ठी निघाली नाही, एक गाडी हलली नाही, आणि कापलेले घड वैशाखाच्या उन्हात बांधावर शिजले.

चोपड्याकडची भागाबाई सकाळपासून दारात उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. "बठ्ठा माल बांधवर पडेल शे," एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

"मी तीनदा सांगितलं होतं, नाना," कामिनी म्हणाली. "डिस्कवर आठ जीबी जागा राखून ठेवू. मेमरीत मावेनासं झालं की जे आत्ता लागत नाही ते तिकडे सरकतं. मशीन हळू होतं, पण काही मरत नाही. हळू झालं की मला कळतं, मी दोन केंद्रांना थांबा म्हणून सांगते."

हितेंद्र खुर्चीत रेलून हसला. "स्वॅप? मामा, एकशे अठ्ठावीस जीबी मेमरी दिलीय मी संघाला. ज्यांच्याकडे मेमरी कमी, ते असले उद्योग करतात. आपल्याला काय कमी आहे? लोक हसतील."

नाना भाच्याकडे कौतुकाने बघत होते. आपला तो बाळ्या. ते बघून कामिनीचा उरलासुरला धीर सुटला.

"नाना, पाच हजार केळी लावता तेव्हा रोपं किती आणता?"

"पाच हजार दोनशे."

"वरची दोनशे कशाला?"

"नांग्या भरायला. एखादं मेलं तर त्या जागी लावायला."

"लॅबमधली रोपं, एकेक निवडून घेतलेली. ती मरतात?"

"तशी नाही मरत. पण..."

"पण काय? वरची आणताना लोक हसले तुम्हाला कधी?"

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा झाले होते. दहाला आजचा भाव निघणार होता आणि नऊही केंद्रांवर माणसं बसून होती.

"लाव ते," नाना म्हणाले.

"मामा, अहो पण ऐका तर..."

"तू गप रे."

कामिनीने लॅपटॉप ओढला. सर्व्हर बंद करायची गरज नव्हती, कोणाला फोन करायची गरज नव्हती. चार-पाच ओळी लिहिल्या, एकदा तपासून पाहिलं आणि झाकण मिटलं.

"झालं."

"झालं?" नाना तोंडाकडे बघत राहिले. "किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

नानांच्या मनावरचं ओझं उतरलं. दोन्ही तळहात टेबलावर टेकून ते म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं. तू हुशार आहेस, मी कुठे नाही म्हणतो? आता तेवढी सही करून टाक."

दारातून भागाबाई दोन पावलं आत आली. तिने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग नानांकडे.

"हाई दोनच मिनिटनं काम व्हतं?"

हितेंद्रने मोबाइल काढला. नाना पत्र सरळ करत बसले. ते सरळच होतं.

कामिनीने पेनचं टोपण काढलं आणि पत्र आपल्याकडे घेतलं.

"करते सही, नाना. आधी ह्यांना उत्तर द्या."