तीन आठवड्यांचा रसिक

“हे डावीकडचं झाड बघा,” जयदीप म्हणाला, “आणि हे उजवीकडचं. नाटकात विंगा असतात ना, तशी उभी आहेत. मधे दरी, लांबवर पाणी, कोपऱ्यात पडकं देऊळ. सतराव्या शतकातला फ्रेंच लँडस्केप म्हणजे सगळं जिथल्या तिथे.”

अनुयाने डावीकडचं झाड पाहिलं, मग उजवीकडचं पाहिलं.

“हं,” ती म्हणाली.

जयदीपला हायसं वाटलं. पहिलं चित्र तरी निर्विघ्न पार पडलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत लव्हालच्या त्याच्या काँडोमध्ये भिंतीवर एकच चित्र होतं, ते म्हणजे इंडियन ग्रोसरीवाल्याने फुकट दिलेलं कॅलेंडर. शनिवारी दुपारपर्यंत झोपायचं आणि रविवारी लाँड्री करायची, हे त्याचे छंद. पण सुमेधावहिनींनी स्थळ आणलं. मुलगी हॅमिल्टनची, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. जयदीपने फोटो पाहिला आणि गडी कामातून गेला.

“त्यांच्याकडे कलेचं वातावरण आहे म्हणे,” वहिनी म्हणाल्या, आणि बायोडेटात ‘छंद’ या शब्दापुढे त्यांनी बेधडक ठोकून दिलं : फ्रेंच निसर्गचित्रांचा अभ्यास.

“अहो वहिनी, पण मला त्यातलं काहीच...”

“मॉन्ट्रियलच्या शेजारी राहतोस ना? मग झालं तर.”

आठवड्याभरात अनुयाचा मेल आला. कॉन्फरन्ससाठी मॉन्ट्रियलला येतेय, म्युझियममध्ये भेटू या का? जयदीपला घाम फुटला. त्याने लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणली आणि इंजिनिअरिंगच्या परीक्षेला केली नव्हती एवढी घोकंपट्टी केली. छोट्या कार्डांवर नोट्स काढल्या, त्या कोटाच्या खिशात ठेवल्या आणि म्युझियमच्या दाराशी कोट काउंटरवरच्या बाईने काढून घेतला. आता सगळी भिस्त पाठांतरावर होती.

“म्हणजे बघा,” दुसऱ्या चित्राकडे जाताना त्याने घोडं पुढे दामटलं, “त्या काळी नुसता निसर्ग काढणं कमीपणाचं समजायचे. म्हणून कुठेतरी एखादा ग्रीक देव बसवायचा, की चित्राला इज्जत आली!”

“तुम्ही लव्हालहून ड्राइव्ह करून आलात का?” अनुयाने विचारलं. “रस्ते क्लीअर होते? विंटर टायर कुठले घेतलेत?”

टायर हा जयदीपचा जिव्हाळ्याचा विषय. नोव्हेंबरात त्याने अकरा ब्रँड ताडून पाहिले होते, त्याची एक्सेल शीट ऑफिसभर फिरली होती. सगळं अगदी जिभेवर आलं. पण मुलगी केवळ सभ्यपणाने विचारतेय हे न कळण्याइतका तो बावळट नव्हता.

“आहेत कुठलेतरी,” तो म्हणाला. “हे आकाश बघा. अठराव्या शतकाच्या शेवटी चित्रकार रंगपेटी घेऊन चक्क उघड्यावर बसायला लागले. ढग सरकायच्या आत ढग काढायचा. स्टुडिओतली ती इस्त्रीची झाडं गेली. वारा आला.”

अनुया त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

तिसऱ्या दालनात, एका धुकट नदीसमोर, जयदीपला मोठी जांभई आली. हा आपला शेवट, असं त्याला वाटलं. त्याने जबडा घट्ट आवळला, तेव्हा डोळ्यांत पाणी तेवढं उभं राहिलं.

“बोअर झालं का?” अनुयाने पटकन विचारलं. “झालं असेल तर सांगा हं. खाली कॅफे आहे.”

“छे! बोअर?” जयदीपने डोळे टिपले. “या रंगाने असं होतं माझं.”

“अच्छा,” अनुया म्हणाली. तिचा आवाज जरा बसल्यासारखा झाला. भारावली, जयदीपला वाटलं.

शेवटी वादळाचं चित्र आलं. फुटलेलं जहाज, खडक, काळं आभाळ आणि तळाशी नखाएवढी माणसं. इथलं भाषण त्याने आरशासमोर सहादा केलं होतं.

“इथून रोमँटिसिझमची चाहूल लागते. देव गेले, देवळं गेली. माणूस एवढासा झाला, आभाळ मोठं झालं. निसर्ग आता नुसता पडदा राहिला नाही. आपल्या आत जे चाललंय तेच बाहेर...” पुढचं वाक्य तो विसरला. पण समोरच्या त्या इवल्याशा माणसाने दोर इतका जिवाच्या आकांताने धरला होता, की जयदीप वाक्य आठवायचं सोडून खरोखरच त्याच्याकडे बघत राहिला.

बाजूच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी मराठीतला एक शब्द न कळता हळूच टाळ्या वाजवल्या.

अनुया बाकावर बसली. “जयदीप, तुम्ही खूप चांगले आहात,” ती म्हणाली. “म्हणून स्पष्ट सांगते. आपलं नाही जमणार.”

“का? काही चुकलं का माझं?”

“काहीच नाही, तोच प्रॉब्लेम आहे. माझे बाबा पेंटिंग करतात. तीस वर्षं आई एकटीने दारातलं बर्फ शोव्हल करते, एकटीने टॅक्स भरते आणि बाबा खिडकीत उभे राहून बर्फाचा रंग बघतात. मला शाळेतून आणायला निघायचे आणि वाटेत एखाद्या ढगापाशी थांबायचे. म्हणून मी प्रत्येक मुलाला आधी अशा एखाद्या म्युझियममध्ये भेटते. जो कंटाळून म्हणेल, चल, काहीतरी खाऊ या, त्याला डोळे मिटून हो म्हणणार आहे.”

जयदीप ताडकन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “अहो, पण मला यातलं ओ की ठो कळत नाही! खरंच सांगतो, आईशप्पथ, काहीच कळत नाही!”

अनुयाने पर्स खांद्याला लावली आणि त्याच्याकडे फार मायेने पाहिलं.

“बाबासुद्धा,” ती म्हणाली, “अगदी हेच म्हणतात.”