सरकलेला सांधा

“घोटभर पाणी प्या,” डॉक्टर शाहीन म्हणाल्या.

प्रेरणानं घोट घेतला आणि ठसका लागून तिचा जीव घाबरा झाला. पित्ताशयाच्या ऑपरेशनपासून तिचा आवाज गेला होता. बोलायला गेली की नुसती हवा. देऊळगाव राजात सगळे म्हणाले, घसा सुजला, उतरेल. उतरला नाही, तसा नवरा, भागवत, तिला बुलढाण्याला घेऊन आला.

त्याचा फोन वाजला. वडनेर भोलजीहून त्याचा भाऊ रामराव होता. दोघांची म्हातारी आई, तानुबाई, त्याच्याजवळ राहायची. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

“माय जेवून नाही राह्यली, भागवत. पोरीचा फोन काऊन येत नाही, हेच धरून बसली. काय सांगू तिले?”

“सांग, घसा बसला.”

“तेच सांगून राह्यलो रोज!”

प्रेरणानं मान खाली घातली.

डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. “स्वरयंत्राची डावी बाजू हलत नाही.”

“नस गेली काय?” भागवतनं विचारलं.

“तसं दिसतं खरं. पण स्वरयंत्रात इवलासा सांधा असतो. भूल देताना नळी घातली, की कधीकधी तो सरकतो. आधी तपासू.”

स्कॅन झाला, नसेची तपासणी झाली. नस शाबूत होती. सांधाच सरकला होता.

“बसवून पाहते. पण उशीर झालाय. जखडला असेल तर आवाज येणार नाही.”

प्रेरणानं हात जोडले. करा.

घसा बधिर करून तिला खुर्चीत बसवलं. तोंडातून वाकडं हत्यार आत गेलं. भागवत दाराला कान लावून उभा.

“ई म्हणा.”

हवा.

“पुन्हा. ई म्हणा.”

हवाच. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. हत्यार पुन्हा आत गेलं, हलकेच दाबलं.

“आता?”

“ई…”

फाटका होता, पण आवाज होता.

“काही दिवस बोलणं कमी,” डॉक्टर म्हणाल्या.

“एक फोन?”

“एकच. हळू.”

बाहेर येताच तिनं फोन लावला. नणंद पूनम वारल्याचं सासूला कुणी सांगितलं नव्हतं; तिच्या नावानं प्रेरणाच फोन करायची.

“माय, मी पूनम बोलून राह्यली. जेवली काऊन नाही?”



“सूनबाई,” तानुबाई म्हणाली, “माही पूनम गेली, हे मले तवाच कळलं होतं. पण तू बोलत राह्य.”